पान कोणासाठी उघडते?

इस्लाममध्ये ज्ञानाला किती महत्त्व आहे हे सांगताना आपल्या सभा-संमेलनांत एक गोष्ट हमखास सांगितली जाते. हिरा गुहेत प्रेषित मुहंमद (स.) यांच्यावर जो पहिला संदेश उतरला, त्याचा पहिलाच शब्द 'इक्रा' म्हणजे 'वाच' असा होता. वक्ता हे सांगतो, श्रोते माना डोलावतात आणि शेवटी मुस्लिम मुलामुलींनी उच्च शिक्षण घेतले पाहिजे असा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर होतो. अशी भाषणे आम्हीही केली आहेत. पण 'वाच' म्हटल्यावर ज्याच्यासमोर वाचता येईल असे पानच ठेवलेले नाही त्याने काय करायचे, हा प्रश्न आम्हाला कधी पडला नव्हता. तो आम्हाला एका विद्यार्थ्याने विचारला, आणि तोही आमच्याच वर्गात.

आम्ही काही शिक्षक सिंधुदुर्गाच्या किनारपट्टीवर महाविद्यालयीन मुलांना शिकवीत आलो आहोत. काही वर्षांपूर्वी मालवणच्या बाजूच्या एका खाडीकाठच्या गावातून एक मुलगा कला शाखेच्या पहिल्या वर्षाला आला. त्याला जन्मापासून दृष्टी नव्हती. गावच्या मक्तबमध्ये त्याने कुरआनचे कितीतरी पारे तोंडपाठ केले होते. रमजानमध्ये गावातले वडीलधारे त्याची तिलावत कान देऊन ऐकत. महाविद्यालयात मात्र पहिल्याच चाचणीत तो नापास झाला. इतरांना देतो तशा नोट्स आम्ही त्यालाही दिल्या होत्या. "घरी कोणाकडून तरी वाचून घे," असा सल्लाही दिला होता. घरी आई सहीपुरती साक्षर आणि वडील ट्रॉलरवर खलाशी, हे आम्हाला ठाऊक नव्हते, कारण आम्ही ते विचारलेच नव्हते. पेपर परत देताना आम्ही जरा रागानेच म्हणालो, "अरे, नोट्स दिल्या होत्या ना तुला?" त्याने घडीसुद्धा न मोडलेला गठ्ठा पिशवीतून काढून पुढे केला आणि म्हणाला, "सर, ह्या झेरॉक्साक तोंड नाय."

वर्गात हशा पिकला. आम्हीही हसलो. त्या हसण्याची लाज वाटायला पुढे बरेच दिवस जावे लागले.

मक्तबमध्ये जो मुलगा इतरांच्या पुढे होता, तोच महाविद्यालयात मागे का पडला? त्याची बुद्धी तीच होती, मेहनत तीच होती आणि डोळेही तेच होते. बदलली होती ती शिकवण्याची रीत. हिफ्जची परंपरा उस्तादाच्या तोंडून शागिर्दाच्या कानात आणि कानातून हृदयात, अशी चालत आली आहे. या रीतीत दृष्टी असणे-नसणे फारसे आडवे येत नाही. म्हणून तर मुस्लिम समाजात शतकानुशतके अंध हाफिज झाले, आणि त्यांच्याकडे कोणी दयेने पाहिले नाही. लोक त्यांच्यामागे नमाजला उभे राहिले. आमच्या महाविद्यालयात मात्र सारे ज्ञान कागदावरच्या काळ्या रेघांत कोंबलेले होते. त्या रेघा ज्याला दिसत नाहीत तो आपोआप 'अपंग' ठरला. याचा अर्थ, जी उणीव आम्ही त्याच्या डोळ्यांत शोधत होतो ती आमच्या कागदात होती.

आपला जिल्हा साक्षरतेबद्दल अभिमान बाळगतो. २०११च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची साक्षरता ८५ टक्क्यांहून अधिक भरली. दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात वरचा क्रमांक राखून आहे. हे भूषणावहच आहे. पण त्याच जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे अंध माणूस साक्षर ठरतो तो त्याला ब्रेल वाचता आली तर. आमच्या या विद्यार्थ्याला ब्रेल कोणी शिकवलीच नव्हती. म्हणजे ज्याच्या कंठात कुरआन होते तो सरकारच्या दप्तरी निरक्षर! यात व्याख्येचा दोष थोडा आणि त्याला ती लिपी वेळेवर न देणाऱ्या आपणा सर्वांचा जास्त.

मग आम्ही कामाला लागलो. खरे सांगायचे तर त्या वेळी मनात पुण्य मिळवण्याची भावना होती. संध्याकाळी तास संपल्यावर एकेक जण मोबाइलवर धडे वाचून मुद्रित करू लागला. चार-पाच धडे त्याला दिले आणि कौतुकाची वाट पाहत बसलो. तो म्हणाला, "सर, तुमी बरा वाचलास, पण माका पान खयचा ता गावणा नाय." तासभराचे सलग वाचन! त्यात कुठे मथळा सांगितलेला नाही, कुठे पानाचा क्रमांक नाही. डोळस विद्यार्थी पुस्तक चाळतो, हवे ते पान काढतो, खूण घालून ठेवतो. त्याला मात्र एका व्याख्येसाठी अख्खा तास पुन्हा ऐकावा लागत होता. आम्ही आवाज दिला होता, पुस्तक दिले नव्हते. मग पुन्हा मुद्रण केले. या वेळी प्रत्येक उपविभागाची वेगळी फाइल, आरंभी मथळा आणि पानाचा क्रमांक.

त्यानंतर संगणकाकडे वळलो. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी 'एनव्हीडीए' नावाची प्रणाली मोफत मिळते. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली तिचे काम सुरू केले. तिला मराठीही वाचता येते. आम्ही ती ग्रंथालयातल्या एका संगणकावर बसवली आणि आमच्या छापील नोट्सची फाइल उघडली. संगणक जे बोलू लागला ती कोणतीच भाषा नव्हती. कारण नंतर समजले. छापखान्यात मराठी मजकूर ज्या जुन्या फॉन्टांत जुळवला जातो, त्यांत आत साठवलेली अक्षरे रोमन असतात. त्यांच्यावर देवनागरीचा फक्त मुखवटा चढवलेला असतो. डोळ्याला 'लोकशाही' दिसते, यंत्राला मात्र रोमन अक्षरांचा चिवडा मिळतो. तोच मजकूर युनिकोडमध्ये टाइप केला की यंत्र तो सरळ वाचते. स्कॅन केलेल्या पानांचेही तसेच. ती छायाचित्रे असतात. यंत्राच्या लेखी त्यांत एकही अक्षर नसते. कित्येक वर्षांच्या मेहनतीने आम्ही जमवलेला सारा साठा असा एका दुपारी आमच्यासमोर मुका झाला.

पण आमची सर्वांत मोठी चूक याहून वेगळी होती. त्या मुलाला अर्थशास्त्र घ्यायचे होते. वडिलांच्या मासळीला धक्क्यावर भाव कधी चढतो, कधी कोसळतो, याचे त्याला लहानपणापासून कुतूहल होते. दुसऱ्या वर्षाला विषय निवडताना आम्ही त्याला जवळ बसवून प्रेमाने समजावले, "बाबा, त्यात आलेख असतात, तक्ते असतात. तुला जमायचे नाही. तू मराठी घे, सोपे जाईल." त्याने वाद घातला नाही. मराठी घेतले आणि पुढे चांगल्या गुणांनी पदवीधरही झाला. मध्यंतरी आमच्यातल्या एकाने जाड पुठ्ठ्यावर जाळ्याचा दोरा चिकटवून मागणीचा वक्र तयार केला. त्या मुलाने त्यावरून बोटे फिरवली. "सर, हो जाळ्याचो दोरो मा?" असे विचारून तो हसला, आणि किंमत वाढली की मागणी का घटते हे त्याने मिनिटभरात आम्हालाच समजावून सांगितले. पण तोपर्यंत विषय बदलण्याची मुदत टळून गेली होती. वीतभर दोरा आणि डिंक यांच्या अभावी एका मुलाच्या आयुष्याची दिशा आम्ही ठरवून टाकली होती. आमच्या उशिराची किंमत त्याने मोजली.

इथे प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही, नीतीचा होतो. अशा वेळी जे आक्षेप घेतले जातात, ते परके नाहीत. आमच्याच मनात ते उठले होते.

पहिला आक्षेप संख्येचा. वर्गात सत्तर मुले, त्यांत एक अंध. एकासाठी इतका वेळ खर्च करणे हा बाकीच्या एकोणसत्तरांवर अन्याय नव्हे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधायला आपल्याला दूर जावे लागत नाही. कुरआनची ऐंशीवी सूरत 'अबस' आपल्याला माहीत आहे. बहुतेक भाष्यकार तिची पार्श्वभूमी अशी देतात. प्रेषित (स.) मक्केच्या बड्या सरदारांशी बोलत होते. ते वळले तर सारी कुरैश जमात वळेल, असा तो मोठा क्षण होता. तेवढ्यात ह. अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम (रजि.) हे अंध गृहस्थ आले आणि मला शिकवा म्हणाले. प्रेषितांच्या कपाळाला आठी पडली आणि त्यांनी मुख फिरवले. यावर ईश्वराकडून नापसंती उतरली, आणि ती कायमची ग्रंथात राहिली. संख्येचा आणि उपयुक्ततेचा हिशेब इथे प्रत्यक्ष प्रेषितांच्या बाबतीतही मान्य झाला नाही. जो शिकायला आला आहे त्याचा हक्क, जे यावेत अशी आशा आहे त्यांच्या संख्येने कमी होत नाही.

या प्रसंगातली आणखी एक गोष्ट आम्हाला फार उशिरा जाणवली. ह. इब्न उम्मे मक्तूम यांना ती आठी दिसली नव्हती, दिसणे शक्यच नव्हते. ज्याच्याबाबत ती घडली त्याला ती कळलीही नसेल, तरीही ती दुरुस्त करण्याजोगी मानली गेली. याचा अर्थ, ज्याच्यावर अन्याय झाला त्याने तक्रार केली नाही म्हणून अन्याय नाहीसा होत नाही. "त्याने कधी मागितले नाही," "त्याची काही तक्रार नव्हती," ही आम्हा शिक्षकांची नेहमीची सबब इथे कोसळते. आम्ही अर्थशास्त्राचे दार लावून घेतले तेव्हा त्याचीही तक्रार नव्हती.

दुसरा आक्षेप दर्जाचा. सोयी दिल्या की अभ्यासाचा दर्जा खालावतो, असे म्हणतात. आमच्याकडच्या इमारती जांभ्याच्या उंच जोत्यावर उभ्या असतात. पायऱ्यांशेजारी एक उतार बांधला म्हणून इमारतीची उंची कमी होत नाही. वर तेवढेच चढावे लागते, फक्त चाकांच्या खुर्चीलाही चढता येते. परीक्षेत लेखनिक घेणाऱ्याला तासाला किमान वीस मिनिटे जादा द्यावीत, असे केंद्र सरकारच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. काहींना ही खैरात वाटते. पण प्रश्न दुसऱ्याकडून ऐकायचा, उत्तर मनात जुळवायचे, शब्द न् शब्द सांगायचा आणि लिहिलेले पुन्हा वाचून घ्यायचे, याला वेळ लागतो. ती वीस मिनिटे त्याला पुढे नेत नाहीत, इतरांच्या रांगेत आणून उभे करतात.

तिसरा आक्षेप सर्वांत गोड आणि म्हणून सर्वांत घातक. तो म्हणतो, करावे, जरूर करावे, सवाब मिळेल. आम्हीही तेच म्हणत होतो. पण सवाबासाठी केलेले काम देणाऱ्याच्या सवडीने होते. सवड मिळाली तर धडा मुद्रित होतो, न मिळाल्यास राहतो, आणि घेणाऱ्याने मात्र दोन्ही वेळा आभार मानायचे असतात. आपल्या परंपरेत 'हुकूकुल इबाद' अशी एक स्वतंत्र संकल्पना आहे. माणसांचे माणसांवर जे हक्क आहेत, ते बुडवले तर ईश्वराची क्षमा मागून भागत नाही. ज्याचा हक्क बुडाला त्यानेच क्षमा करावी लागते. फी घेऊन प्रवेश दिलेल्या विद्यार्थ्याला वाचता येईल असे पान देणे या खात्यात मोडते. ते आपल्यावरचे देणे आहे.

कायदाही हळूहळू याच जागी येत आहे. १९९५च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वे मोजली होती, २०१६च्या नव्या कायद्यात ती एकवीस झाली. उच्च शिक्षणातल्या राखीव जागा तीन टक्क्यांवरून पाच टक्के झाल्या. मात्र या कायद्यात एक उंबरठा आहे. लक्षणीय अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना पुस्तके आणि शैक्षणिक साहित्य मोफत द्यावे असे तो सांगतो, पण वयाच्या अठराव्या वर्षापर्यंतच. नेमक्या त्याच वयाला मुलगा महाविद्यालयाच्या दारात उभा राहतो. जागा राखीव, पण पुस्तकाची हमी संपलेली! रिकाम्या खुर्चीवर बसवून ताट न वाढण्यासारखेच हे झाले.

पुस्तकांच्या मार्गातली एक अडचण मात्र दूर झाली आहे. पूर्वी एखादे पुस्तक अंधांसाठी ध्वनिरूपात आणायचे तर प्रकाशकाची परवानगी लागे. २०१२ साली स्वामित्वहक्काचा कायदा दुरुस्त झाला आणि अशा कामाला मुभा मिळाली. २०१३ साली मोरोक्कोतील माराकेश शहरात याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि २०१४ साली त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत ठरला. २०१६ साली 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात तर २००३ पासून दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र केंद्र आहे. तेव्हा 'आम्हाला परवानगी नाही' किंवा 'आम्हाला माहीत नाही' असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही.

सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निकाल देताना दोन गोष्टींतला भेद स्पष्ट केला. एखादी व्यक्ती आल्यावर तिच्या गरजेप्रमाणे करून दिलेली सोय वेगळी, आणि कोणी येण्याआधीच सर्वांसाठी वाट मोकळी असणे वेगळे. दुसरी गोष्ट मुळातच असायला हवी. हा भेद आम्ही आमच्या चुकीतून शिकलो. त्या मुलाने मागितल्यावर आम्ही आलेख केला, पण मुदत टळली होती. आलेख आधीच असता तर त्याला मागावाच लागला नसता, आणि आम्हालाही त्याच्या वतीने विषय निवडण्याचा मोह झाला नसता.

आता एक सांगायला जड वाटणारी गोष्ट. आम्ही मुस्लिम मराठी लेखक-शिक्षक वर्षानुवर्षे एक तक्रार करीत आलो आहोत. पाठ्यपुस्तकात आम्ही नसतो. उदाहरणांत आमची नावे नसतात, धड्यांत आमची घरे नसतात. आमचे नाव येते ते बहुधा लढाईच्या प्रकरणात. आमच्या मुलाने पुस्तक उघडावे आणि स्वतःला कुठेच न पाहावे, याचे दुःख आम्ही लेखांतून, व्यासपीठांवरून मांडले. ते दुःख खरे आहे आणि ती मागणी आजही न्याय्य आहे. पण ती मांडत असताना आमच्याच हातातली पाने दुसऱ्या कोणासाठी पूर्ण बंद होती. पुस्तकात आपण दिसत नाही हे एक दुःख आहे. पुस्तकच उघडत नाही हे त्याच्या आधीचे दुःख आहे. ज्याला एका दाराबाहेर उभे केले गेले, त्याला दुसऱ्याचे दाराबाहेर उभे राहणे लवकर कळायला हवे होते. आम्हाला कळले नाही. अन्याय सोसल्याने माणूस आपोआप न्यायी होत नाही. त्यासाठी त्याला वेगळे शिकावे लागते.

आणि हे केवळ महाविद्यालयापुरते नाही. आपण काढतो ते अंक, स्मरणिका, संमेलनांचे अहवाल छापखान्याच्या त्याच जुन्या फॉन्टांत जुळवले जातात. हा लेख ज्याच्यामुळे सुचला त्याला तो वाचता येईल का, याची चौकशी आम्ही लेख पाठवण्यापूर्वी केली. तूर्त याची युनिकोडमधली प्रत आम्हीच त्याला पाठवणार आहोत. पण दर वेळी लेखकाने प्रत पाठवावी, ही रीत नव्हे.

आमच्या महाविद्यालयात आता नोट्स युनिकोडमध्येच टाइप होतात. मथळे नीट दिलेले असतात, चित्राखाली त्याचे शब्दांत वर्णन असते. याचा लाभ इतरांनाही झाला. उर्दू माध्यमातून आलेल्या मुली कठीण मराठी शब्द संगणकाकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतात. हंगामात वडिलांबरोबर होडीवर जाणारी मुले धडे कानाला लावून ऐकतात. २०२०च्या टाळेबंदीत आणि पुढच्या वर्षी तौक्ते वादळात वीज नि नेटवर्क दोन्ही गेले, तेव्हा आधीच मोबाइलमध्ये उतरवलेले धडे तेवढे हाताशी राहिले. हे सांगताना बरे वाटते, पण यात एक धोका आहे. अनेकांना फायदा होतो म्हणून हे करावे, असे म्हणणे म्हणजे फिरून त्याच संख्येच्या हिशेबाकडे जाणे. उद्या दुसऱ्या कोणाला काडीचाही लाभ झाला नाही, तरी त्या एकाचे देणे तेवढेच उरते.

ज्या ह. इब्न उम्मे मक्तूम (रजि.) यांच्याकडून मुख फिरवले गेले, त्यांना पुढे प्रेषितांनी (स.) मोठा मान दिला. मोहिमेवर जाताना मदिनेची जबाबदारी त्यांनी त्यांच्यावर सोपवल्याचे इतिहासकार सांगतात. ते मस्जिदीचे मुअज्जिनही होते. ह. बिलाल (रजि.) रात्र असतानाच अजान देत आणि फजरची अजान ह. इब्न उम्मे मक्तूम देत. रोजा धरणारे त्यांच्या आवाजावर सहरीचे खाणे थांबवत. ज्यांना पहाट दिसत नव्हती ते पहाटेची अजान कशी देत? हदीसमध्ये याचे साधे उत्तर आहे. सकाळ झाली की लोक त्यांना तसे सांगत, मग ते अजान देत.

कोणीतरी दोन शब्द सांगायचे, एवढीच ती सोय होती. तिला कोणी उपकार म्हटले नाही, आणि तिच्यामुळे अजानचा दर्जा उणावला असेही कोणाला वाटले नाही. सारी मदिना त्या आवाजावर उठत होती. आमच्या वर्गात पुन्हा असा कोणी मुलगा किंवा मुलगी येईल. सकाळ झाली हे तिला सांगण्याची तयारी आम्ही ती येण्याआधी ठेवली आहे की नाही, एवढेच आम्हाला आमच्यापुरते विचारायचे आहे.